तोंडातली गाठ, चट्टा, न भरणारी जखम: सांगली-साताऱ्याकडून नेहमी येणारे प्रश्न

तोंडात गाठ हाताला लागली. कॅन्सरच असेल का?

बहुतेक वेळा नसतो. तोंडात अशा बऱ्याच गोष्टी असतात ज्या बऱ्याच काळापासून तिथेच असतात आणि एखाद्या दिवशी जिभेला किंवा बोटाला अचानक जाणवतात. काहींच्या टाळूच्या मधोमध किंवा खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला हाडाचा कठीण उंचवटा असतो. तो वर्षानुवर्षं साधारण तेवढाच राहतो आणि त्याचं काही करावं लागत नाही. जिभेच्या मुळाशी व्ही आकारात मोठे दाणे असतात. वरच्या दाढांसमोर गालाच्या आत एक छोटा टेंगूळ असतो, ती लाळेच्या नळीची तोटी. हे सगळं सहसा दोन्ही बाजूंना सारखं असतं. ही खूण लक्षात ठेवावी: उजवीकडे आहे तसंच डावीकडेही असेल तर काळजीचं कारण कमी.

खऱ्या गाठींमध्येही साध्या बऱ्याच. खालच्या ओठावर निळसर, पाण्याने भरल्यासारखा फुगा येतो, फुटतो, पुन्हा येतो: ओठ चावल्यामुळे लाळेची बारीक ग्रंथी तुंबलेली असते. गाल वारंवार दाताखाली येत असेल तर तिथे गुळगुळीत, गुलाबी, मऊ गाठ तयार होते. किडलेल्या दाताच्या मुळाशी हिरडीवर पुळी येते, पू निघतो, बसते, परत येते. जेवायला बसलं की जबड्याखाली सूज आणि जेवणानंतर तासाभरात कमी, असं होत असेल तर लाळेच्या नळीत खडा असण्याची शक्यता. गरोदरपणात हिरडीवर लाल, पटकन रक्त येणारी गाठ येते, ती बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप आकसते.

यातलं कुठलं आपलं आहे ते आरशात बघून ठरवायचं नाही. साधी वाटणारी गाठही एकदा दाखवून घ्यावी.

मग दाखवायलाच हवं असं कधी?

दोन आठवडे. तोंडातली कुठलीही गाठ, जखम, लाल किंवा पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचा. दुखो वा न दुखो, व्यसन असो वा नसो.

काही लक्षणांना मात्र दोन आठवडेही थांबू नये. जखमेच्या कडा बोटाला कडक, उचललेल्या लागणं, हात लावला की रक्त येणं, कीड नसताना एखादाच दात हलायला लागणं, खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर होणं, जीभ बाहेर काढताना एका बाजूला वळणं, मानेत किंवा जबड्याखाली न दुखणारी, टणक गाठ, गिळताना अडकणं, कान तपासून स्वच्छ निघूनही एका बाजूचा कान दुखत राहणं. शेवटच्याबद्दल सांगायला हवं, कारण लोक कानाचे थेंब घालत बसतात. जिभेच्या मागच्या भागातली आणि घशातली वेदना त्याच बाजूच्या कानात जाणवू शकते.

दोन आठवडेच का?

तोंडाच्या आतली त्वचा शरीरात सगळ्यात लवकर भरून येणाऱ्या भागांपैकी आहे. गरम चहाने भाजलेलं टाळू, चावलेली जीभ, उष्णतेने आलेलं तोंड, हे साधारण आठ ते चौदा दिवसांत बरं होतं. त्यापुढे जे राहतं, त्याला काहीतरी कारण आहे: सतत घासणारा दात, बुरशी, रक्तातली कमतरता, किंवा पेशींमध्येच झालेला बदल. कारण शोधायचं म्हणजे कुणीतरी आत नीट बघायला हवं.

आपल्याकडे घोटाळा होतो तो इथे. पहिले पंधरा दिवस बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, पुढचे पंधरा दिवस जेल, मग अँटिबायोटिकचा कोर्स, मग 'दुसरं चांगलं जेल'. तीन महिने निघून जातात आणि रोगी म्हणतो, मी तर औषध घेतच होतो. एकाच जखमेसाठी औषधाचा दुसरा कोर्स हातात पडला की डॉक्टरांना सरळ विचारावं: याचा तुकडा तपासायला (बायोप्सी) हवा का?

दुखत नाही, जेवण जातंय. मग कशाला दाखवायचं?

न दुखणं हेच इथे धोक्याचं. तोंड येतं तेव्हा ते झोंबतं, आग होते, म्हणून माणूस धावतो. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बऱ्याचदा अजिबात दुखत नाही. तो दुखायला लागतो तेव्हा बऱ्याचदा खोल गेलेला असतो. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि वरवर असताना छोट्या शस्त्रक्रियेत काम भागू शकतं. तीच जबड्याच्या हाडात शिरली की हाड काढणं, छातीचं किंवा पायाचं मांस लावणं, वर रेडिएशन, असं वाढत जातं.

घरी तोंड कसं तपासायचं?

महिन्यातून एकदा, चार-पाच मिनिटं. तंबाखू, मशेरी, मावा, सुपारी, बिडी-सिगारेट, दारू यांपैकी काहीही असलेल्याने तर नक्कीच. पाहिजे एवढंच: आरसा, मोबाइलची बॅटरी, धुतलेले हात आणि स्वच्छ सुती कापडाचा तुकडा. कवळी असेल तर काढून ठेवा. खळखळून चूळ भरा, म्हणजे तंबाखूच्या बाराचा किंवा मशेरीचा काळा थर निघून जाईल.

आधी चेहरा समोर धरून दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघा. मग खालचा ओठ खाली ओढून आतली बाजू आणि हिरडी बघा, वरच्या ओठाचंही तसंच. बार ओठाच्या आत धरत असाल तर तिथली त्वचा सुरकुतलेली, पांढुरकी दिसेल. ती जागा नीट लक्षात ठेवायची. मग एका बोटाने गाल बाहेर ओढून शेवटच्या दाढेपर्यंत बघा. गाल आणि खालची हिरडी यांच्यामध्ये जी खोबण असते, तिच्यात बोट फिरवा. आपल्याकडे बार तिथे दडवतात आणि कॅन्सरही बऱ्याचदा तिथेच निघतो. नुसत्या नजरेला ती खोबण दिसत नाही, म्हणून बोटच लागतं.

जीभ बाहेर काढून कापडाने टोक धरा, उजवीकडे ओढून डावी कड आणि डावीकडे ओढून उजवी कड बघा. जिभेचा कॅन्सर वरच्या पृष्ठभागावर क्वचित, कडेला जास्त. मग जीभ टाळूला लावून खालची जागा. टाळूसाठी मान मागे टाका. शेवटी अंगठा गालाबाहेर आणि तर्जनी आत ठेवून गाल चिमटीत धरा, कुठे कडक गोळा लागतो का पाहा. मानेवर कानाखालून गळ्याच्या हाडापर्यंत तीन बोटं दाबत उतरा, दोन्ही बाजूंना.

काही दिसलं तर मोबाइलवर फोटो काढा, शेजारी पेनाचं टोक धरा म्हणजे आकार कळेल. फोटोवर तारीख असतेच. पंधरा दिवसांनी त्याच उजेडात दुसरा. डॉक्टरांना हे दोन फोटो फार उपयोगी पडतात.

तोंड पूर्वीसारखं उघडत नाही, तिखट अजिबात चालत नाही. हे काय?

आपल्याच हाताची तीन बोटं उभी, एकावर एक, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. जात असतील तर उघडणं ठीक. दोनच गेली तर दंतवैद्याकडे जायची वेळ झाली. एकच जात असेल तर उशीर झालेला आहे.

सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा जाड, पांढुरकी, ताठ होत जाते. आत दोऱ्यासारखे पट्टे बोटाला लागतात. आधी तिखट झोंबतं, मग फुगा फुगवता येत नाही, शिट्टी येत नाही, मग भाकरीचा घास मावत नाही. वीस-बावीस वर्षांची मावा खाणारी पोरं या तक्रारीने येतात. गालाचा ताठरपणा पूर्ण मागे जात नाही. सुपारी थांबवली की तो बहुधा तिथे अडतो, वाढायचा थांबतो. लाकडी पट्ट्या दातांमध्ये एकेक वाढवत ठेवायचा रोजचा व्यायाम आणि काहींना गालात इंजेक्शन दिल्यावर थोडं उघडतं. सुपारी चालू ठेवून इंजेक्शन घेणं म्हणजे पैसे पाण्यात. अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून सहा महिन्यांनी तपासणी कायमची.

पांढरा चट्टा आहे, कॅन्सरचीच सुरुवात ना?

प्रत्येक पांढरा चट्टा तसा नसतो. कापडाने पुसून निघणारा पांढरा थर बहुधा बुरशीचा. मधुमेह, दम्याचा पंप, रात्री न काढलेली कवळी ही त्याची नेहमीची कारणं. पुसून न निघणारा चट्टा वेगळा. त्यातही गुळगुळीत, एकसारखा चट्टा कमी धोक्याचा. खरखरीत, चामखिळीसारखा किंवा पांढऱ्यात लाल ठिपके असलेला जास्त. निव्वळ लाल, मखमलीसारखा चट्टा सगळ्यात वाईट, आणि तो दिसायला किरकोळ असतो. जाळीसारख्या पांढऱ्या रेषा दोन्ही गालांवर असतील तर तो लायकेन प्लेनस नावाचा वेगळा आजार. औषधाने आग कमी होते, वर्षातून एक-दोनदा दाखवत राहायचं.

डॉक्टर आधी तंबाखू-सुपारी थांबवायला लावतात, टोचणारा दात घासून देतात आणि दोन आठवड्यांनी परत बोलावतात. काही चट्टे तेवढ्यानेच पुसट होतात. उरतो त्याचा तुकडा तपासायचा.

तोवर हळद, तुरटी किंवा निळं औषध लावू का?

तपासणीआधी नको. सांगलीच्या हळदीचा मान मोठा, पण चट्ट्यावर ती लावली की सगळं पिवळं आणि लाल भाग झाकला जातो. निळ्या औषधाचं तेच. तुरटी, चुना, लवंग तेल यांनी जागा भाजते आणि मग डॉक्टरांपुढे मूळ जखम आणि भाजलेली जखम असा दुहेरी गोंधळ. कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा (पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ) खुशाल भरा.

दाढ टोचते म्हणून जखम आहे. दाढ काढली की भरेल ना?

दाढेनेच झाली असेल तर दाढेची कड घासल्यावर दोन आठवड्यांत भरायला लागते. दाढ काढायची गरज सहसा नसते. दोन आठवड्यांत फरक नाही तर दोष दाढेचा नव्हता.

याच्या उलटही घडतं, आणि ते जास्त घातक. हिरडीचा कॅन्सर दाताला हलवतो. माणूस म्हणतो, दात हलतोय, काढून टाका. एक्स-रे न काढता दात उपटला जातो आणि खड्डा भरत नाही, उलट त्यातून मांस वर येतं. दात काढल्यावर वरची जखम साधारण दोन-तीन आठवड्यांत बुजते. महिना झाला तरी उघडी असेल तर 'इन्फेक्शन आहे' यावर समाधान मानू नका.

आधी कुणाकडे जायचं? आपल्या भागात सोय कुठे आहे?

जवळच्या दंतवैद्याकडे किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे. दोघेही तोंड नीट तपासू शकतात, तुकडाही घेऊ शकतात. आपल्या भागाला एक गोष्ट बरी मिळाली आहे: दंत महाविद्यालयं जवळ आहेत. सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील दंत महाविद्यालय, कराडला कृष्णा विश्व विद्यापीठाचं. तिथल्या ओरल मेडिसिन (तोंडाच्या आजारांच्या) विभागात याच गोष्टी रोज बघतात आणि तपासणीचा खर्च खासगीपेक्षा कमी असतो. दंत महाविद्यालय म्हटलं की लोकांना फक्त दात काढणं आठवतं, म्हणून तिथे कुणी जात नाही. सरकारी बाजूला सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय. मिरजेत श्री सिद्धिविनायक गणपती कॅन्सर रुग्णालय आहे.

जत-आटपाडीहून किंवा माण-खटावहून येणाऱ्यांनी सकाळी लवकर पोहोचावं, ओपीडीचे केसपेपर दुपारपर्यंतच निघतात. सोबत चालू गोळ्यांची पाकिटं, शुगरचा ताजा रिपोर्ट, आधीचे एक्स-रे आणि ते दोन फोटो ठेवावेत. तंबाखू किती वर्षं, दिवसात किती वेळा आणि कुठल्या बाजूला, हे खरं सांगावं. बायका मशेरीचं सांगायला लाजतात. सासऱ्यांसमोर किंवा मुलासमोर बोलवत नसेल तर 'मला एकटीला बोलायचंय' म्हणावं, डॉक्टर बाकीच्यांना बाहेर थांबायला सांगतात.

तुकडा काढला, हत्यार लागलं की कॅन्सर पसरतो म्हणतात. खरं का?

नाही. ही समजूत पडली कशी, तेही कळण्यासारखं आहे. आपल्याकडे लोक उशिरा येतात, तुकडा घेतला जातो, रिपोर्ट येईपर्यंत आणि त्यानंतरही घरात 'करायचं की नाही' यावर दोन महिने जातात. गाठ तेवढ्यात वाढते. दोष तुकड्यावर येतो, वाढ मात्र वाया घालवलेल्या दिवसांची असते.

होतं काय, तर दात काढताना देतात तसलं बधिरतेचं इंजेक्शन. मग चट्ट्याच्या कडेवरून, थोडा रोगट आणि थोडा चांगला भाग येईल असा चार-पाच मिलिमीटरचा तुकडा. मधोमध सडलेला भाग घेतला तर रिपोर्ट 'नुसती सूज' असा येऊ शकतो, म्हणून कडेचाच घ्यावा लागतो. एक-दोन टाके किंवा नुसता कापसाचा बोळा. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भरती व्हावं लागत नाही. तुकडा लगेच फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. घरून आणलेल्या बाटलीत, पाण्यात किंवा सलाईनमध्ये ठेवलेला तुकडा खराब होतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. रिपोर्टला साधारण आठवडा धरा.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका. त्या दिवशी जेवूनखाऊन जा. नंतर चोवीस तास गरम, तिखट, तंबाखू काही नाही. थोडं रक्त आलं तर स्वच्छ कापूस वीस मिनिटं चावून धरा, दर दोन मिनिटांनी काढून बघू नका.

मानेत गाठ असेल तर तिथून बारीक सुईने पाणी-पेशी ओढतात. त्यानेही पसरत नाही. मानेची गाठ थेट कापून काढायची घाई मात्र कुणी करत असेल तर आधी तोंड आणि घसा तपासून घ्या.

रिपोर्टमध्ये 'डिस्प्लेसिया' आलंय. म्हणजे कॅन्सर आला का?

नाही, पेशी बिघडायला लागल्या आहेत. सौम्य, मध्यम, तीव्र अशा तीन पायऱ्या. सौम्य असेल तर व्यसन पूर्ण बंद आणि दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी. मध्यम किंवा तीव्र असेल तर चट्टा बहुधा काढून टाकतात. काढल्यावरही तिथे किंवा शेजारी पुन्हा येऊ शकतो, त्यामुळे फेऱ्या चुकवायच्या नाहीत.

रिपोर्ट साफ आला पण जखम तशीच राहिली, तर? पुन्हा तुकडा घ्यायला सांगा. डोळ्यांना दिसतंय ते आणि कागदावर लिहिलंय ते जुळत नसेल तर कागदावर विसंबायचं नाही.

कॅन्सर निघाला. गाठ तोंडात, मग डॉक्टर मानही का उघडतात?

तोंडाच्या कॅन्सरवर मुख्य उपचार शस्त्रक्रिया. रेडिएशन आणि केमो लागले तर बहुधा त्यानंतर. मानेतल्या गाठी हाताला लागत नसल्या तरी त्यात रोगाचे कण असू शकतात. आधीच मान साफ करायची (म्हणजे तिथल्या गाठी काढायच्या) की गाठ दिसल्यावर, हा वाद बरीच वर्षं होता. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तो बराचसा मिटवला: सुरुवातीच्या अवस्थेतल्या ज्या रुग्णांची मान पहिल्याच वेळी साफ केली त्यातले ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते, थांबून नंतर केलेल्यांपैकी ६७.५ टक्के. म्हणून सर्जन मानेचं बोलले तर ते बिल वाढवायला नसतं.

रेडिएशन लागणार असेल तर खराब दात त्याआधी काढून घेतात. रेडिएशननंतर जबड्यातला दात काढणं धोक्याचं, हाड न भरण्याची भीती असते.

खर्च कसा भागवायचा?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन येतात. आयुष्मान भारतशी जोडल्यावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र (योजनेचा मदतनीस) बसलेला असतो, भरती व्हायच्या आधी त्याला भेटा. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळत नसेल (लग्नानंतरचं आडनाव, चुकलेलं वय) तर मंजुरी तिथेच अडते, त्यामुळे ते आजच तपासा. मंजुरीसाठी तुकड्याचा रिपोर्ट लागतो. आगाऊ पैसे भरून नंतर योजनेतून परत मिळवू, हा हिशेब धरू नका. चौकशीचा क्रमांक १५५३८८.

मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी. किंवा फक्त मशेरी लावते.

सुपारी एकटीच, तंबाखूशिवायही, कॅन्सरकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तिला पहिल्या गटात, म्हणजे तंबाखूच्याच रांगेत ठेवलंय. 'गोड सुपारी', 'मुखवास' अशा नावांनी काही बदलत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. मग सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी विकायची पद्धत पडली, तोंडात दोन्ही एकच होतात. माव्यात चुना असतो. चुन्याने त्वचा सोलवटते आणि विष आत शिरायला वाट मिळते.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. भाजल्याने निकोटीन जळून जातं हा समज चुकीचा. उलट भाजताना धुरातले घातक घटक तीत उतरतात. दंतमंजन म्हणून तिचा काही उपयोग नाही. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात १९९२ पासून बंदी आहे. मशेरी लावली नाही तर पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, असं बायका सांगतात. ते खोटं नसतं, पण ती निकोटीनची तलफ असते. दिवसात किती वेळा, हे मोजलं की कळतं: दात घासायला कुणी चार वेळा बसत नाही.

सोडायची ठरवलीय, पण जमत नाही.

पहिले तीन-चार दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, झोप न लागणं, शौचाला न होणं, तोंडाला चव नसणं. दोन ते चार आठवड्यांत हे ओसरतं. एकेक तलफ पाच मिनिटांच्या आसपास टिकते. तेवढा वेळ काढायचा: पाणी घोट घोट प्या, बडीशेप किंवा भाजलेले तीळ-जवस तोंडात टाका (सुपारी नाही), उठून चार पावलं चाला. चंची, चुन्याची डबी, मशेरीचा डबा घरातून घालवा. 'पाहुण्यांसाठी' ठेवलेली पुडी पहिल्या रात्रीच उघडते. चहानंतरचा बार, जेवणानंतरचा बार, पारावरचा बार यापैकी कुठला सर्वात घट्ट आहे ते ओळखा आणि त्या वेळेला दुसरं काम लावा. उसाच्या फडात, पाळीच्या नोकरीत, ट्रकवर झोप घालवायला तंबाखू लागते; अशा माणसाने सुट्टीच्या आठवड्यात सुरुवात केलेली बरी.

निकोटीनचा डिंक मदत करतो, पण लोक तो च्युइंगगमसारखा चघळतात आणि मळमळलं म्हणून फेकून देतात. पद्धत अशी: झिणझिण येईपर्यंत सावकाश दहा-पंधरा वेळा चावायचा, मग गालाशी ठेवून द्यायचा, झिणझिण गेली की पुन्हा थोडा चावायचा. एक डिंक अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबू-सरबत नको, निकोटीन शोषलं जात नाही. २ आणि ४ मिलिग्रॅम असे दोन प्रकार मिळतात. उठल्यावर अर्ध्या तासात बार लागणाऱ्याला बहुधा ४ चा. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी एक, मग कमी करत साधारण तीन महिन्यांत बंद. हृदयविकार, गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच. तोंड उघडत नसेल तर डिंक जमत नाही, निकोटीनची पट्टी किंवा गोळ्या मिळतात.

राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, मोफत. घसरलात तर त्याच दिवशी पुन्हा सुरू करा, 'आता पुढच्या पाडव्यापासून' नको.

तीस वर्षं खाल्ली. आता सोडून काय उपयोग?

उपयोग आहे. धोका लगेच शून्य होत नाही, वर्षागणिक उतरत जातो. कॅन्सर झालेल्यानेही सोडायची, कारण तोंडाच्या दुसऱ्या जागी नवा कॅन्सर होण्याची शक्यता राहते आणि तंबाखूने जखमा भरत नाहीत. सोडल्यानंतरही महिन्याची तपासणी चालूच.

दारू, कवळी, खाणं यांचं काय?

दारू एकटीही धोका वाढवते. तंबाखूसोबत तो बेरजेपेक्षा जास्त होतो. सैल कवळी, तुटकी दाढ दुरुस्त करून घ्या. रक्तात लोह कमी असेल तर भरून काढा. पालेभाज्या, फळं खावीत. मात्र चार फळं खाऊन माव्याची भरपाई होत नाही.

मला काहीच त्रास नाही. तरी तपासणी करायची का?

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तोंड तपासणी आयुष्मान आरोग्य मंदिरात, म्हणजे आपल्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात, पाच वर्षांतून एकदा करायची सरकारी पद्धत आहे. आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात तेव्हा तंबाखूच्या रकान्यात 'नाही' सांगू नका, त्यावरूनच कुणाला आधी बोलवायचं ते ठरतं. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या मोठ्या अभ्यासात नुसतं तोंड डोळ्यांनी बघून तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाल्याचं दिसलं. यंत्र काही लागलं नव्हतं. व्यसन असेल तर पाच वर्षं फार लांब, वर्षातून एकदा दाखवा.

तपासण्यांचे कागद कुठले सांभाळायचे?

सगळेच, पण तीन गोष्टी हमखास हरवतात. तुकड्याच्या रिपोर्टची मूळ प्रत. शस्त्रक्रियेनंतरचा सविस्तर रिपोर्ट (गाठ किती मिलिमीटर खोल होती ते त्यात असतं). आणि लॅबमधली काचेची स्लाइड व तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक. मुंबईला किंवा पुण्याला दुसरं मत घ्यायला गेलात तर स्लाइड-ब्लॉकच मागतात, नुसता रिपोर्ट चालत नाही. लॅबला अर्ज दिला की ते देतात; निघायच्या आदल्या दिवशी नाही, चार दिवस आधी मागा, आणि ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी जुळतो का ते तिथेच उभं राहून बघा.